शांतव्वाची बोटं

"तिच्याकडं काय बघत बसलीयस पोरी? अकरा वर्षं झाली, ती हेच करतीय," वॉर्डाची आया निंगव्वा म्हणाली आणि हातातली फिनेलची बादली तिनं व्हरांड्यात आदळली. "तुझ्या आधी तुमच्या कॉलेजच्या चार जणी येऊन गेल्या. वहीत लिहिलं आणि गेल्या. तूही लिही आणि पुढं चल. त्या टोकाची पार्वती बघ, छान गाणी म्हणते."

सुगंधी जागची हलली नाही.

बायकांच्या वॉर्डाच्या व्हरांड्यात, भिंतीला पाठ लावून, मांडी घालून ती बाई बसली होती. वय पन्नाशीच्या आसपास. नजर समोरच्या पेरूच्या झाडावर, पण झाड दिसत असावं असं वाटत नव्हतं. मांडीत काही नाही, हातात काही नाही. तरी दोन्ही हातांची बोटं चालली होती. डाव्या हाताची बोटं काहीतरी अलगद धरून ठेवायची, उजव्या हाताची त्यावरून सरकत गोल फिरायची, मग अंगठ्याचं नख कशावर तरी दाबलं जायचं, मग उजवा हात हवेत दोन गिरक्या घ्यायचा. आणि पुन्हा पहिल्यापासून.

सुगंधी मोजायला लागली. केव्हा लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. तेवीस, चोवीस, पंचवीस. पंचविसाव्या खेपेनंतर ती बोटं थांबली. दोन्ही तळवे जवळ आले, काहीतरी गोळा करून जुळवल्यासारखे मांडीवर हलकेच ठोकले गेले, एक मोठी गिरकी झाली, एक गाठ बसली. क्षणभर विसावा. मग पुन्हा एक, दोन, तीन.

सुगंधीही पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली.

मनोरुग्णालयाच्या कागदांत त्या बाईचं नाव शांतव्वा होतं, कारण ती बोलत नसे. अकरा वर्षांपूर्वी गदग स्टेशनच्या फलाटावर ती पोलिसांना सापडली होती. कन्नड, तेलुगू, हिंदी, उर्दू, मराठी, सगळ्या भाषांत विचारून झालं होतं. कुठल्याच भाषेला तिनं मान वर केली नव्हती. फाइलीत वेगवेगळ्या अक्षरांत, वेगवेगळ्या डॉक्टरांनी, समाजसेविकांनी एकच ओळ लिहिलेली होती: हातांच्या निरर्थक हालचाली चालू आहेत.

त्या दुपारी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात हिरेमठ मॅडमसमोर रिपोर्टाची वही उघडून सुगंधी नुसतीच बसून राहिली. आठवड्यातले दोन दिवस इथं काम करायचं, काय पाहिलं ते लिहायचं, मॅडमनी ते तपासायचं, असा एम.एस.डब्ल्यू.चा रिवाज होता. पान कोरं होतं.

"काय झालं? घाबरलीस का वॉर्डात?" मॅडमनी विचारलं. "पहिल्या महिन्यात होतं तसं."

"घाबरले नाही मॅडम."

"मग?"

काय सांगायचं ते ठाऊक होतं. ते सांगितलं की आपल्याला कसं ठाऊक हेही सांगावं लागणार होतं, आणि घोडं तिथंच अडलं होतं.

सुगंधी चौतीस वर्षांची होती. नेत्रावती नदीच्या काठी, बंटवाळजवळच्या एका गावातून ती घाट चढून इथं शिकायला आली होती. मंगळुरातल्या कॉलेजांची फी ऐकूनच तिनं हात टेकले होते. इथल्या विद्यापीठात सरकारी जागा मिळाली. हॉस्टेलमधल्या बाविशीच्या मुली तिला अक्का म्हणत आणि कपड्यांना इस्त्री कुठं करायची इथपासून प्रेमात पडावं की नाही इथपर्यंत सगळे सल्ले तिच्याकडून घेत. पहिल्या दिवशी विद्यापीठाच्या ग्रंथालयात शिरताना तिनं चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. ग्रंथपाल हसले तेव्हा ती ओशाळली, पण आत गेल्यावर एवढी पुस्तकं पाहून तिला वाटलं, हसू देत, चपला काढल्या तेच बरोबर होतं.

तुझ्या घरी काय असतं, असं मुलींनी विचारलं तेव्हा मात्र ती म्हणाली होती, "सुपारीची बाग आहे." विहिरीपाशी सुपारीची तीन झाडं होती, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.

खरं होतं ते सूप. सातवीनंतर शाळा सुटली आणि सूप मांडीवर आलं. त्यात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू, दोऱ्याचं रीळ. सकाळी आठापासून दिवेलागणीपर्यंत विड्या. पाठच्या तीन बहिणी त्या विड्यांवर उजवल्या. तिचं स्वतःचं लग्न राहून गेलं, आणि त्याबद्दल घरात कुणी बोलेनासं झालं तेव्हा तिनं बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. पाण्याच्या घागरीला पुस्तक टेकवून ठेवायचं, डोळे पुस्तकात, हात सुपात. अशीच बारावी झाली, अशीच बी.ए.

"सुगंधी, मी विचारतेय काहीतरी."

सुगंधीनं वही मिटली. "मॅडम, ती शांतव्वा विड्या वळतेय."

"काय?"

"ते निरर्थक नाहीये. पान घेतेय, तंबाखू भरतेय, वळतेय, तोंड दुमडतेय, दोरा बांधतेय. पंचवीस झाल्या की कट्टा बांधतेय. मी मोजलं. तीनदा मोजलं. एकदाही चुकली नाही."

मॅडमचा चष्मा हातातच राहिला. घाटावरच्या त्या मुलखात कापूस, मिरची, ज्वारी. विड्या वळणारं घर मैलोगणती शोधून सापडलं नसतं.

"आणि हे तुला कसं कळलं?"

"मी वीस वर्षं वळल्यात," सुगंधी म्हणाली आणि टेबलाकडं बघत राहिली.

मग मॅडम उठल्या, त्यांनी फाइलींच्या कपाटातून शांतव्वाची जाडजूड फाइल काढली, ती ओळ जिथं जिथं लिहिली होती तिथं तिथं पानं उलटून पाहिली. त्यांचं स्वतःचं अक्षरही त्यात होतं.

"सात वर्षं मी रोज त्या व्हरांड्यातून जाते गं," त्या हळूच म्हणाल्या. मग खडखडीत आवाजात, "संक्रांतीनंतर नऊ बायकांना दूरच्या निराधारगृहात पाठवायचंय. वरून यादी आलीय. ही त्यात आहे. एकदा तिथं गेली की मग कुणी शोधणार नाही. तुझ्या डोक्यात काय आहे ते बोल लवकर."

"तिच्या हातात पान देऊन बघू या."

"तंबाखू वॉर्डात चालणार नाही. कात्रीही नाही. मोठे डॉक्टर मला फाडून खातील."

"तंबाखू नको. कात्रीही नको. अम्मा पानं कापून पाठवेल."

अम्माला फोन लावला तर आधी तिनं नेहमीची सरबत्ती केली. जेवलीस का, तिकडं थंडी आहे का, केसांना तेल लावतेस की नाही. मग सगळं ऐकून म्हणाली, "घे! मी म्हणतेय पोरगी शिकून साहेबीण व्हायला गेलीय, आणि तू माझ्याकडं पानं मागतीयस?"

"अम्मा, थट्टा नको. चांगली पानं बघून काप. कोवळी नकोत."

"तू मला शिकव आता पानं. तुझ्या जन्माच्या आधीपासून कापतेय." आणि थोडं थांबून, "त्या बाईला मूलबाळ आहे का गं?"

"माहीत नाही. नावसुद्धा माहीत नाही."

तिसऱ्या दिवशी मंगळूरच्या बसच्या कंडक्टरनं ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं पुडकं तिच्या हातात दिलं. आत दोनशे पानं, एका मापाची, ओलसर, आणि गुलाबी दोऱ्याचं रीळ. तंबाखूच्या जागी सुगंधीनं हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातली वापरलेली चहापत्ती उन्हात वाळवून घेतली होती. घेताना मुलींनी विचारलं, कशाला? तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं कशाला आणि कुणाला. सुपारीच्या बागेचं खरं काय तेही सांगितलं. एक जण म्हणाली, "अक्का, आम्हाला पण शिकव ना." एवढंच झालं. इतके महिने ज्याची धास्ती घेतली ते एवढंच होतं.

व्हरांड्यात सुगंधी शांतव्वासमोर मांडी घालून बसली. मॅडम खांबाला टेकून उभ्या होत्या. मोठे डॉक्टर पाचच मिनिटं म्हणून आले होते. स्वयंपाकघरातून मागून आणलेल्या सुपात सुगंधीनं पानं, चहापत्ती आणि रीळ मांडलं आणि ते सूप अलगद शांतव्वाच्या मांडीवर ठेवलं.

बोटं चालतच राहिली. पानांच्या वर, हवेत. एक कट्टा, दुसरा कट्टा. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं.

आणि मग उजवा हात खाली आला. पानाला लागला. थबकला. शांतव्वानं पान उचललं, नजर पेरूच्या झाडावरच, पण अंगठा पानाच्या शिरेवरून फिरला. ते पान तिनं बाजूला टाकलं. दुसरं घेतलं, तेही टाकलं. तिसरं ठेवून घेतलं. सुगंधीनं टाकलेली पानं उचलून उजेडात धरली. एकाला केसाएवढी चीर होती. दुसऱ्याची शीर तिरकी होती. डोळ्यांनी बघून तिच्या स्वतःच्या ध्यानात आलं नव्हतं.

पुढं जे झालं ते बघायला वॉर्ड गोळा झाला. पान वळलं, चहापत्ती बसली, तोंड नखानं दुमडलं गेलं, दोरा फिरला, विडी सुपात पडली. दुसरी. दहावी. सगळ्या एकाच जाडीच्या, एकाच उंचीच्या. पार्वती गायची थांबली. निंगव्वानं पदर तोंडाला लावला. "अगं आई गं," ती पुटपुटली, "आणि मी हिला पोरकं बाहुलं समजून आंघोळ घालत होते."

डॉक्टर जायचे राहून गेले. पहिला कट्टा पुरा झाल्यावर ते खाली बसले आणि तो हातात घेऊन पाहिला. मग त्यांनी फाइल मागवली आणि उभ्या उभ्या न लिहिता तिथंच जमिनीवर बसून लिहिलं.

सुगंधीला मात्र एक गोष्ट खुपत होती. विडी सुरेख होती, पण ती आपल्याकडची नव्हती. कुठली, ते तिला सांगता येईना. तिनं एक कट्टा कागदात गुंडाळून त्याच बसनं अम्माकडं धाडला.

दुसऱ्या दिवशी वर्ग चालू असताना फोन थरथरायला लागला. सुगंधी बाहेर पळाली.

"ही बाई निजामाबादकडची आहे," अम्मा म्हणाली. नमस्कार नाही, जेवलीस का नाही.

"कशावरून?"

"अगं, विडी आखूड आहे. आपण दोरा आपल्याकडं ओढतो, हिनं पलीकडं फिरवलाय. पण ते सोड, तसं कुणीही करील. कट्टा सोडून बघितलास का तू? मधली एक विडी उलटी घातलीय."

"मला वाटलं चुकून."

"असा हात चुकतो होय? तू पाळण्यात होतीस तेव्हा कारखान्याच्या मुनीमानं तिकडच्या दोघी बायका आणल्या होत्या, आखूड विडी शिकवायला. महिनाभर आपल्या पडवीत निजायच्या. एकीचं नाव लचव्वा. तिला मी विचारलं होतं, ही उलटी का गं? खुणेनं सांगितलं तिनं, मोजणाऱ्याला कट्टा धरायला सोपं जातं, आमच्या गावातल्या सगळ्या असंच करतात. दोघींचा दोरासुद्धा असाच पलीकडं जायचा."

सुगंधी जिन्याच्या पायरीवर खाली बसली. तेहेतीस वर्षांपूर्वी महिनाभर पडवीत राहिलेल्या परक्या बाईच्या दोऱ्याचा फेरा अम्माला आठवत होता. अम्माला सही करता येत नव्हती. बँकेत अंगठा उठवताना ती दरवेळी साहेबाची माफी मागायची.

"फोन कट झाला का गं?"

"नाही अम्मा. ऐकतेय."

"तुमच्या एवढ्या पुस्तकांत हे नाही का लिहिलेलं?"

"नाही अम्मा."

"मग लिही की तू," अम्मा म्हणाली, आणि भात उतू जातोय म्हणून तिनं फोन ठेवला.

हिरेमठ मॅडमनी निजामाबादच्या कचेऱ्यांना पत्रं पाठवली. तीन आठवडे उत्तर नाही. निराधारगृहाची गाडी कधी येणार याची तारीख तेवढी आली. तेव्हा सुगंधी म्हणाली, "मॅडम, कचेरीत बायका जात नाहीत. वळलेल्या विड्या घालायला कारखान्यात जातात. शांतव्वाचा फोटो तिथं लागायला हवा." मॅडम बळ्ळारीकडच्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी इकडूनतिकडून तिथल्या विडी कामगारांच्या एका पुढारीणबाईंचा नंबर मिळवला. फोटो गेला. त्याबरोबर सुगंधीनं आणखी एक फोटो पाठवला, सोडलेल्या कट्ट्याचा, मधली विडी उलटी दिसेल असा.

आठवडाभरानं मॅडमचा फोन वाजला. पलीकडून एक बाई एवढी रडत होती की पहिली दोन मिनिटं मॅडम नुसत्या "हो अम्मा, हो अम्मा" म्हणत होत्या. शांतव्वाला चेहऱ्यावरून कुणी ओळखलं नव्हतं, फोनवर रडणाऱ्या तिच्या बहिणीनंसुद्धा. अकरा वर्षांत चेहरा सगळा बदलून गेला होता. ओळखला होता तो कट्टा.

गाडी यायच्या चार दिवस आधी ती बहीण येऊन पोचली. नाव राजव्वा. काटक, सावळी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. सोबत गावचे एक वयस्क गृहस्थ आणि डब्यात सकिनालू, संक्रांतीला तळतात त्या तांदळाच्या चकल्या. पिशवीतून तिनं आधी विडी कामगाराचं जुनं ओळखपत्र काढून टेबलावर ठेवलं. फोटोत एक भरल्या चेहऱ्याची बाई हसत होती. शांतव्वाचं खरं नाव भूमव्वा.

"दोन वर्षांचा पोरगा तापानं गेला तिचा," राजव्वा सांगत होती, मॅडम कन्नडमध्ये सांगत होत्या. "तेव्हापासून बोलणं बंद झालं. सासरच्यांनी आणून सोडलं आमच्या दारात. काम मात्र सुटलं नाही हो. माझ्यापेक्षा दुप्पट करायची. आपले चार कट्टे गुपचूप माझ्या सुपात टाकायची, मला बोलणी बसू नयेत म्हणून. एक दिवस विड्या घालायला गेली ती आलीच नाही. बासरच्या देवळात शोधलं, वेमुलवाड्याच्या देवळात शोधलं. लोक म्हणाले, दिवस घाला. आई म्हणाली, मी मेल्यावर घाला. आई गेली, तरी मी नाही घातले."

व्हरांड्यात आल्यावर राजव्वा थबकली. भिंतीशी बसलेल्या त्या पांढऱ्या, वाळक्या बाईकडं बघत राहिली. मग जवळ जाऊन हलकेच म्हणाली, "अक्का."

काही झालं नाही. बोटं चालत होती, नजर झाडावर होती. राजव्वानं पुन्हा हाक मारली नाही. रडलीही नाही. ती नुसती वाट बघत उभी राहिली, एखाद्याचं हातातलं काम उरकेपर्यंत उभं राहावं तशी. कट्टा पुरा झाला. गाठ बसली. आणि मग भूमव्वा, झाडावरची नजर न काढता, जागेवरून जराशी सरकली. एका माणसाला बसता येईल एवढी.

"ही कुणासाठी सरकत नाही," निंगव्वा घोगऱ्या आवाजात म्हणाली. "अकरा वर्षांत कुणासाठी सरकली नाही."

राजव्वा त्या मोकळ्या जागेत बसली.

पुढं मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी केस वाचून विचारलं, यात तू कुठली पद्धत वापरलीस, कुठल्या तज्ज्ञाचा आधार घेतलास? सुगंधीनं शिकलेल्या पद्धतींची नावं नीट सांगितली. तिला सगळी येत होती. आणि शेवटी म्हणाली, "तज्ज्ञाचं नाव देयी. वय सदुसष्ट, राहणार बंटवाळ तालुका. माझी आई." परीक्षकांनी ते नाव लिहून घेतलं. गुण किती दिले ते सुगंधीला आज विचारलं तर आठवत नाही. नाव लिहून घेतलं ते आठवतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी कागदांवर सह्या झाल्या, गोळ्या कधी द्यायच्या ते मॅडमनी राजव्वाला दोनदा समजावलं आणि तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. निजामाबादच्या डॉक्टरांच्या नावाची चिठ्ठी दिली. निंगव्वानं भूमव्वाला न्हाऊ घालून बहिणीनं आणलेलं हिरवं लुगडं नेसवलं. फाटकाशी रिक्षा येऊन उभी राहिली.

निघताना राजव्वाला काहीतरी आठवलं. तिनं पिशवीच्या तळातून केळीच्या पानाची पुडी काढली. रेल्वेच्या सगळ्या प्रवासात पाणी शिंपडून जपलेला अबोलीचा गजरा होता तो. "हिचे केस गुडघ्यापर्यंत होते," ती मॅडमना म्हणाली. "दोन हात लांब गजरा लागायचा. म्हणून एवढा ओवला."

आणि गजरा घेऊन तिनं जुन्या सवयीनं बहिणीच्या डोक्यामागं हात नेला. वॉर्डाच्या रिवाजाप्रमाणं केस कापून बोटभर ठेवलेले होते. गजरा माळायला तिथं काही नव्हतं. राजव्वाचा हात तिथंच राहिला. निंगव्वानं मान फिरवली.

मग राजव्वानं हात खाली आणला. भूमव्वाचं डावं मनगट धरलं आणि तो लांब गजरा त्याला एक, दोन, तीन, चार वेढे देऊन बांधून टाकला.

रिक्षात चढताना भूमव्वानं तो हात दुसऱ्या हातानं जरा वर उचलून धरला होता, फुलांना धक्का लागू नये म्हणून.